साठ युनिट आणि नऊ खण

विद्यापीठाच्या प्रवेशाच्या पत्रात माझ्या कामाच्या दोनच ओळी होत्या. पहिलीत लिहिलं होतं की साठ युनिटच्या, म्हणजे विषयांना मिळणाऱ्या श्रेयांकांच्या, हिशेबाने मी ‘ज्युनिअर’, म्हणजे तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. दुसरीत लिहिलं होतं की डिझाइन स्टुडिओत, म्हणजे प्रत्यक्ष डिझाइन करायच्या वर्गात, मला दुसऱ्या वर्षात जागा दिली आहे. बी.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरची पदवी, पाच वर्षांचं असतं. दुसऱ्या वर्षापासून म्हणजे अजून चार वर्षं. ही गोष्ट एप्रिल २०२५ ची. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे जिथे सुरुवातीचे विषय करून पुढे विद्यापीठात जाता येतं अशा सरकारी कॉलेजात, माझी तीन वर्षं तोवर संपत आली होती आणि वयाची तिशी उलटली होती.

हे लिहायचं कारण म्हणजे गेल्या वर्षभरात मला आलेले फोन. डिप्लोमा करून लग्नानंतर इकडे आलेल्या, आर्किटेक्चर शिकायचं मनात धरून बसलेल्या तीन-चार जणी. प्रत्येकीचा पहिला प्रश्न एकच, “किती युनिट ट्रान्सफर झाले?” सगळे झाले. अडलं ते स्टुडिओपाशी, आणि स्टुडिओबद्दल विचारायचं असतं हे मलाही दोन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

माझं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार-पाच मिनिटं असताना ते भूकंपात पडलं. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. मी त्यानंतर वर्षभराने जन्मले, पत्र्याच्या शेडमध्ये. आमचा वाडा मी पाहिलेलाच नाही. कळायला लागल्यापासून घर म्हणजे नव्या गावठाणातलं, पुनर्वसनात मिळालेलं. जमिनीच्या हिशेबाने कुणाला २५० चौरस फूट, कुणाला ४००, कुणाला ७५०. आम्हाला ४००. रस्ते सरळ आणि रुंद, घरं एका ओळीत. आजीने त्याला कधी घर म्हटलं नाही. “कॉलनीतल्या खोलीत चल,” असंच म्हणायची. घर हा शब्द तिने पडलेल्या वाड्यासाठी राखून ठेवला होता.

लातूरला सिव्हिलचा डिप्लोमा केला तेव्हाच मला आर्किटेक्चर हवं होतं. पण डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, आर्किटेक्चरला तशी वाट नाही. नाटा ही प्रवेश परीक्षा द्यायची आणि पहिल्या वर्षापासून पाच वर्षं काढायची. वडिलांनी एकदाच विचारलं, “पाच वर्षं?” त्यांच्या आवाजात नकार नव्हता, हिशेब होता. मी पुण्यात एका ऑफिसात ऑटोकॅडवर बसले आणि आठ वर्षं टू-बीएचकेची मंजुरीची ड्रॉइंग काढली. एफएसआय, साइड मार्जिन, डक्ट, पार्किंगचा तक्ता. काम चोख होतं माझं. पण त्या आठ वर्षांत एकाही घराचा जिना कुठे असावा हे मी ठरवलं नाही.

२०२१ मध्ये लग्न होऊन ऑरेंज काउंटीत आले. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या बायकोच्या व्हिसावर, शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही ही पहिली चांगली बातमी. दुसरी अशी की राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचं, आणि इथेच राहायचा इरादा असल्याचं कागदोपत्री दाखवता आलं तर कम्युनिटी कॉलेजात रहिवाशाची फी लागते, युनिटला ४६ डॉलर. बारा युनिटचं सत्र म्हणजे ५५२ डॉलर. प्रवेश परीक्षा नाही, वयाची अट नाही. माझ्या वर्गात नुकतीच शाळा संपवलेली मुलं होती, तशी वीस वर्षं सुतारकाम केलेले एक गृहस्थ होते. मी वर्षभर थांबले, घराचा करार, टॅक्सचे कागद, लायसन्स सगळं जमवलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये नाव घातलं. डिप्लोमाच्या मार्कशीटचं मूल्यांकन करून आणलं होतं. त्याचा उपयोग जवळजवळ शून्य झाला. गणित पुन्हा, भौतिकशास्त्र पुन्हा, इंग्रजी तर अगदी पायापासून.

आणि इथेच पहिली चूक झाली. पहिल्या भेटीत समुपदेशकाने सांगितलं, “आधी जनरल एज्युकेशन उरकून घ्या, स्टुडिओ नंतर.” मी मान डोलावली. इंग्रजी निबंध, तर्कविचार, भाषणकला, कॅल्क्युलस, एक समाजशास्त्र असं वर्षभर केलं. भाषणकलेची मला धास्ती होती. पहिलं पाच मिनिटांचं भाषण मी घराचा नकाशा कसा वाचायचा यावर केलं आणि समोरच्या मुलांनी आपापल्या घराचे नकाशे वहीत काढून दाखवले, तेव्हा ती गेली. मार्क उत्तम आले. पण डिझाइनचा पहिला स्टुडिओ आमच्याकडे फक्त ऑगस्टच्या सत्रात सुरू होतो, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. ऑगस्ट २०२२ चुकला तो थेट ऑगस्ट २०२३. पुढच्या विद्यापीठांना पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या डिझाइनचा संग्रह, हवा असतो तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात. म्हणजे माझ्या हातात दाखवायला दोन पूर्ण स्टुडिओ आणि एक अर्धा. जनरल एज्युकेशन उन्हाळ्यात करता येतं, ऑनलाइन करता येतं, दुसऱ्या कॉलेजातून करता येतं. स्टुडिओला असली कोणतीही पळवाट नाही. फोन करणाऱ्या प्रत्येकीला मी आता एवढंच सांगते की पहिल्याच सत्रात स्टुडिओ घे, बाकीचं मागे-पुढे होऊ दे.

हे मला आधी दिसू शकलं असतं. ‘असिस्ट’ नावाची एक वेबसाइट आहे. कॅलिफोर्नियातल्या कोणत्या कम्युनिटी कॉलेजातला कोणता विषय कोणत्या सरकारी विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरला जातो, ते तिथे समोरासमोर मांडलेलं असतं. डावीकडे त्यांचा विषय, उजवीकडे आपला. मी गणिताच्या, भौतिकशास्त्राच्या, इतिहासाच्या ओळी पाहून खूश झाले. डिझाइन स्टुडिओच्या ओळींसमोर बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असायचं, ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’. त्या शब्दांचा अर्थ मी लावला की कागद अजून व्हायचे असतील. खरा अर्थ असा की हे आम्ही तुमचं काम बघून ठरवू.

पहिला स्टुडिओ सुरू झाला आणि बाकी सगळ्याचा विसर पडला. पिवळ्या ट्रेस पेपरची गुंडाळी, कटिंग मॅट, चिपबोर्ड, बासवुडच्या काड्या. आठ वर्षं माउस धरलेल्या बोटांना कटर धरायला शिकवावं लागलं. बांधकाम साहित्याच्या तासाला कळलं की इथल्या ‘टू बाय फोर’ लाकडाचं खरं माप दीड इंच बाय साडेतीन इंच असतं आणि भिंतीतल्या या उभ्या काड्या सहसा सोळा-सोळा इंचांवर ठोकतात. भिंत म्हणजे दगड किंवा वीट हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं की लाकडाच्या पोकळ भिंतीवर हात ठेवून मी दोन-तीनदा वाजवून पाहिलं.

१९ ऑक्टोबर २०२३ ला सकाळी १० वाजून १९ मिनिटांनी स्टुडिओत भूकंपाची कवायत झाली. कॅलिफोर्नियाभर दर ऑक्टोबरात होते ही. खाली बसा, डोकं झाका, धरून राहा. सगळी मुलं टेबलांखाली गेली. मीही गेले आणि कवायत संपल्यावर मला लगेच बाहेर येता आलं नाही. सरांनी विचारलं तेव्हा मी गावाचं सांगितलं. ते स्वतः चाळीस वर्षं शाळांच्या इमारती बांधलेले. मग त्या दिवशी स्टुडिओ बाजूला राहिला आणि त्यांनी १९३३ च्या लाँग बीचच्या भूकंपाची गोष्ट सांगितली. १० मार्चची संध्याकाळ, शाळा सुटलेल्या होत्या म्हणून मुलं वाचली, पण विटांच्या शाळा मात्र कोसळल्या. महिन्याभरात राज्याने ‘फील्ड अ‍ॅक्ट’ केला. सार्वजनिक शाळांची रचना आणि बांधकाम राज्य स्वतः तपासू लागलं. कम्युनिटी कॉलेजंही त्याच कायद्याखाली येतात. मी ज्या टेबलाखाली बसले होते त्याच्यावरचं छप्पर त्या कायद्याने तपासलेलं होतं.

पुढच्या सत्रात, दुसऱ्या स्टुडिओत त्यांनी काम दिलं की आता अस्तित्वात नसलेली एक जागा काढा. फोटो चालणार नाहीत, कुणाच्या तरी सांगण्यावरून काढायची.

मी आजीला फोन लावायला लागले. आमचे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिकडे सकाळचे नऊ, तिची भाकरी झालेली असायची. “वाडा किती मोठा होता?” “नऊ खणांचा.” “फुटांत सांग.” “फूट मला काय ठाऊक बाई, नऊ खणांचा होता.” खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. तिच्यासाठी घराचं माप तेच होतं. चौक केवढा? “दोन बाजा टाकून मधून घागर घेऊन जाता यायचं.” ढाळज, म्हणजे दारालगतची बैठक, केवढी? “पाच गडी मांडी घालून बसायचे, सहावा आला की एकाला उठावं लागायचं.” मी बाजेची लांबी, माणसाच्या मांडीची रुंदी, घागर कमरेवर घेतलेल्या बाईला लागणारी जागा हे सगळं मोजून मोजून नकाशा काढत गेले. धान्य साठवायचं बळद कुठल्या भिंतीत होतं यावरून आजी आणि थोरले चुलते यांचं फोनवरच वाजलं. दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. मी दोन्ही जागा ठिपक्यांच्या रेषेने दाखवल्या.

सगळ्यात जास्त दिवस छपरावर गेले. माळवद म्हणजे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर किलचन, म्हणजे लाकडी पट्ट्या, आणि वर मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर आणखी माती टाकायची. वर्षानुवर्षं. छपराचं ओझं वाढत जातं, आणि भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या, आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोघांना आरपार बांधणारा दगड बहुतेक ठिकाणी नाहीच. हलल्यावर पदर सुटतात. आमच्या वाड्यात भिंती गेल्या, पण मधले दोन खण खांबांवर उभे राहिले. आजी आणि काकू त्याखाली होत्या. आजोबा भिंतीकडेला झोपले होते.

मी मॉडेल केलं ते तसंच. बासवुडचे खांब आणि तुळया पक्क्या, भिंती सुट्या. मांडणीच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी मला भिंती काढायला सांगितल्या. मी एकेक काढून टेबलावर ठेवल्या. छप्पर उभं राहिलं. त्यांनी खूप वेळ पाहिलं आणि मग विचारलं, “तुझ्या आजीने एकही माप फुटांत दिलं नाही म्हणतेस, मग खाली स्केल फुटांत का?” मी घरी येऊन स्केलच्या पट्टीखाली दुसरी पट्टी काढली, खणांची.

पोर्टफोलिओचा पहिला मसुदा मात्र मी पुण्याच्या कामाने भरला होता. वीस पानांची मर्यादा, त्यातली अकरा पानं टू-बीएचके. आठ वर्षांची कमाई होती ती, ती बाजूला सारणं सोपं नव्हतं. सरांनी नीट समजावलं. ऑफिसच्या ड्रॉइंगमध्ये तुझं काय आणि ऑफिसचं काय हे बघणाऱ्याला कळत नाही. त्यांना बघायचं असतं की तू कुठे अडलीस आणि कशी सुटलीस. मी ऑफिसचं काम एका पानावर आणलं आणि त्याखाली माझा वाटा स्पष्ट लिहिला. मोकळ्या झालेल्या पानांवर ट्रेस पेपरवरचे फसलेले नकाशे घातले, आजीच्या फोनच्या नोंदींसकट. मॉडेलचे फोटो गॅरेजमध्ये, काळ्या कापडावर, सकाळच्या एका बाजूच्या उजेडात काढले. नवऱ्याने तीन रविवार पांढरा पुठ्ठा धरून उजेड परतवला.

कुठे अर्ज करायचा हा घरातला मोठा विषय होता. बर्कली आणि यूसीएलए ही नावं आपल्या लोकांत सांगायला सोपी, पण तिथली चार वर्षांची पदवी बी.ए. असते. ती स्वतः व्यावसायिक मान्यतेची पदवी नव्हे, मान्यता हवी तर पुढे एम.आर्क. करावं लागतं. बी.आर्क.ला नॅबची, म्हणजे इथल्या आर्किटेक्चर शिक्षणाला मान्यता देणाऱ्या मंडळाची, थेट मान्यता असते. कॅलिफोर्नियात अशा पदवीशिवायही, कामाच्या अनुभवावर आर्किटेक्टच्या लायसन्सपर्यंत पोहोचता येतं. पण बऱ्याच राज्यांत ती लागते, आणि व्हिसावर राहणाऱ्या घराने उद्या कुठल्या राज्यात असू हे गृहीत धरू नये असं मला वाटतं. नवऱ्याने एक्सेलमध्ये दोन रकाने केले. बी.ए.ची दोन वर्षं अधिक एम.आर्क.ची दोन-तीन, समोर बी.आर्क.ची तीन किंवा चार. फरक जवळजवळ नव्हताच. शेवटी मी बी.आर्क. निवडलं ते एकाच ठिकाणी, एकाच पदवीत राहायला मिळेल म्हणून. एच-४ वर सरकारी शिक्षण मदत मिळत नाही, तेव्हा मध्ये थांबून पुन्हा अर्ज, पुन्हा खर्च ही कल्पनाच नको होती.

अर्जाचं फारसं सांगण्यासारखं नाही. १ ऑक्टोबरला खिडकी उघडते, नोव्हेंबरअखेरीच्या सुमारास बंद होते, प्रत्येक विषय आणि प्रत्येक ग्रेड हाताने भरावी लागते, जानेवारीत नव्या ग्रेड कळवायच्या. ३० सप्टेंबरच्या रात्री मी सगळे कागद मांडून बसले होते आणि आजीचा फोन आला. त्या दिवशी तो दरवर्षी येतोच.

तर ते पत्र. मला राग आला होता आणि तो पंधरा दिवस टिकला. मी वेळ घेऊन विद्यापीठात गेले, सगळी मूळ ड्रॉइंग घेऊन. तिथल्या प्राध्यापिकेने पाऊण तास दिला. तिने त्यांच्या दुसऱ्या वर्षाचं काम समोर ठेवलं. उताराच्या जमिनीचे मोठे छेद, एकाच इमारतीची आठ-दहा मॉडेलं, बांधकामाचा सांगाडा डिझाइनबरोबर वाढत गेलेला. माझ्याकडे छेद होते, पण वाडा सपाट जमिनीवरचा. एका जागेवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत इमारत उभी करण्याचा अनुभव माझ्याकडे नव्हता. तिचं म्हणणं मला पटलं, पूर्ण नाही. आठ वर्षं ज्या मुलीने जिन्याच्या पायऱ्या आणि तुळयांची खोली रोज मोजली तिला निदान एक सत्र पुढे घेता आलं असतं, असं मला आजही वाटतं. पण हेही खरं की मी पहिलं वर्ष स्टुडिओशिवाय घालवलं नसतं, तर पोर्टफोलिओत आणखी एक पूर्ण स्टुडिओ असता आणि हा प्रश्न कदाचित उभाच राहिला नसता.

ऑगस्ट २०२५ पासून मी दुसऱ्या वर्षाच्या स्टुडिओत बसते. सोबतची मुलं एकोणीस-वीसची. युनिट वाया गेले नाहीत, ते वेगळ्या रूपाने परत मिळाले. जनरल एज्युकेशन, गणित, भौतिकशास्त्र सगळं झालेलं, त्यामुळे इतरांना सहा विषय तर मला तीन-चार. इतिहासाचा एक विषय आधी धरला नव्हता. जुन्या कॉलेजचा सविस्तर अभ्यासक्रम जपून ठेवला होता म्हणून अर्ज करून तोही सुटला. नवऱ्याच्या ग्रीन कार्डचा एक टप्पा पार पडल्याने मला कामाची परवानगी मिळाली आणि मोकळ्या दोन दिवसांत मी एका छोट्या ऑफिसात जाते. जुन्या विटांच्या इमारतींना भूकंपासाठी मजबुती द्यायचं काम आहे. लायसन्ससाठी ३,७४० तासांचा नोंदलेला अनुभव लागतो, मग सहा भागांची परीक्षा, मग राज्याची वेगळी. शिकता शिकता ते तास मोजायला सुरुवात करता येते. माझे सुरू झाले आहेत.

डिसेंबरात ओळखीचं एक कुटुंब लातूरला जात होतं. त्यांच्याबरोबर वाड्याचा नकाशा पाठवला, मोठ्या कागदावर, खणांच्या पट्टीसकट. चुलतभावाने व्हिडिओ कॉल लावला. आजीने कागद जमिनीवर पसरून घेतला आणि आधी विचारलं, “उगवत कुठंय?” भावाने दाखवल्यावर तिने सगळा कागद फिरवून खऱ्या पूर्वेकडे केला, मग गुडघ्यांवर आली आणि ढाळजेतून बोट आत न्यायला सुरुवात केली. चौकातून ओसरीत, ओसरीतून माजघरात. बळदापाशी थांबली, दोन्ही ठिपक्यांच्या रेषा बघितल्या, काही बोलली नाही. स्वयंपाकघरात पोचल्यावर म्हणाली, “चूल इकडं नव्हती गं. ह्या भिंतीला. धूर त्या झरोक्यातनं जायचा.”

मी तिला बोट तिथेच ठेवायला सांगितलं आणि फाइल उघडली.